मोबाईलमधील दुकान सर्वांसाठी उघडे आहे काय?

आपल्या व्यापारात गेल्या काही वर्षांत फार मोठा बदल झाला आहे. पूर्वी गिऱ्हाईक पेढीवर येत असे, गादीवर बसून चहा घेत असे, ताका उलगडून हाताने कापड पाहत असे आणि मग भाव ठरत असे. आता नमुना मोबाईलवर जातो, ऑर्डर मोबाईलवर येते आणि पैसेही मोबाईलवरच जमा होतात. याबद्दल आमची तक्रार नाही. सोय आहे, वेळ वाचतो, उधारीचा हिशेबही चोख राहतो. परंतु या नव्या दुकानाचे दार कोणासाठी उघडते आणि कोणासाठी उघडत नाही, याचा विचार आपण व्यापाऱ्यांनी कधी केलेला नाही. आम्हीही केला नव्हता. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने तो आम्हाला करायला लावला.

हे गृहस्थ नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी किरकोळ कापडाचे दुकान चालवितात. मालेगावच्या आमच्या पेढीशी त्यांचा वीस वर्षांहून अधिक काळ व्यवहार आहे. सात-आठ वर्षांपूर्वी मधुमेहाने त्यांची नजर गेली. त्यांनी दुकान बंद केले नाही. पॉपलिन कोणते, केंब्रिक कोणते, मलमल कोणती हे ते चिमटीत धरून सांगतात. पन्हा वितीने मोजतात आणि त्यांचा अंदाज क्वचितच चुकतो. ऑर्डर ते फोनवर देत असत. नवा माल आला की आम्ही त्यांना फोनवरच त्याचे वर्णन सांगत असू: "जमीन बदामी आहे, काठ दोन बोटांचा, मरून रंगाचा, बुट्टी बारीक आणि दूर दूर आहे." एवढ्यावर ते दहा ताके मागवीत.

तीन वर्षांपूर्वी आम्ही घाऊक गिऱ्हाइकांसाठी एक ॲप तयार करवून घेतले आणि फोनवर ऑर्डर घेणे बंद केले. त्यानंतर दोन महिने त्यांची ऑर्डर आली नाही. आम्हाला वाटले, दुसरीकडून माल उचलत असतील किंवा हाताशी पैसा नसेल. शेवटी आम्हीच फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "सेठ, तुमच्या नव्या दुकानात आमचा फोन नुसता बटन, बटन, बटन एवढंच बोलतो. कोणतं बटन दाबू ते तुम्हीच सांगा."

अंध माणूस मोबाईल कसा वापरतो, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर नावाची सोय आधीपासूनच घातलेली असते. तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. ती सुरू केली की पडद्यावर बोट जिथे जाईल तिथे काय लिहिले आहे ते फोन वाचून दाखवितो. कॉम्प्युटरसाठी एन.व्ही.डी.ए. नावाचे असेच सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी २००६ साली बनवायला घेतले. तेही फुकट मिळते. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा वाचणारे आवाज आज उपलब्ध आहेत. म्हणजे वाचणारा तयार आहे. पण तो वाचणार काय? सॉफ्टवेअर बनविणाऱ्याने बटनाला आतून नावच दिले नसेल, तर तो "बटन" एवढेच म्हणेल. साडीच्या फोटोबरोबर वर्णन लिहिले नसेल, तर तो फाइलचे नाव आणि त्यापुढचे आकडे वाचत बसेल. आमच्या ॲपमध्ये अगदी हेच होत होते. आम्ही एवढी मेहनत करून तीनशे नमुन्यांचे फोटो काढले होते, आणि त्या गृहस्थांच्या लेखी आमचे दुकान म्हणजे तीनशे निरर्थक आकड्यांची यादी होती.

येथे एक गोष्ट आमच्या लक्षात आली. फोटोला वर्णन जोडणे हे कॉम्प्युटरवाल्यांचे काम आहे असे आम्ही समजत होतो. वस्तुतः ते आमचे काम होते आणि आम्हाला ते उत्तम येत होते. न पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला कापड शब्दांत दाखविणे हा तर घाऊक व्यापाऱ्याचा जुना हुन्नर आहे. फोटो पाठविण्याची सोय नव्हती तेव्हा आपले वडीलधारे पोस्टकार्डावर आणि ट्रंककॉलवर हेच करीत होते. फिका गुलाबी आणि कांदा गुलाबी यांतील फरक, रामा आणि मोरपंखी यांतील फरक त्यांनी शब्दांतच सांगितला आणि माल खपविला. आम्ही मात्र फोटो हाती आल्यावर बोलणेच सोडून दिले.

दुसरी गोष्ट त्याहून मजेची. आमच्या ॲपमध्ये शिल्लक असलेल्या मालापुढे हिरवा ठिपका आणि संपलेल्या मालापुढे लाल ठिपका होता. आमच्या पेढीवर एक तरुण मुनीम आहे. तो वारंवार संपलेल्या मालाची ऑर्डर पक्की करून ठेवी आणि आमची बोलणी खाई. त्याला लाल आणि हिरवा यांतील फरक दिसत नाही, हे चार वर्षांनी उघडकीस आले. जन्मतः असा दोष असणारे पुरुष स्त्रियांपेक्षा पुष्कळच अधिक असतात, असे डॉक्टर सांगतात. कापडाच्या पेढीवर नोकरी जाईल या भीतीने बिचाऱ्याने तोंडातून शब्द काढला नव्हता. ठिपक्याशेजारी "शिल्लक" आणि "संपला" असे दोन शब्द लिहिल्याने हा प्रश्न मिटला. तो मुनीम आजही आमच्याकडेच आहे.

आम्ही ॲप बनविणाऱ्यास बोलावून सर्व सांगितले. तो म्हणाला, होईल, पण आता सर्व पाने पुन्हा उघडावी लागतील. मूळ रकमेच्या जवळजवळ निम्मी रक्कम त्याने वर मागितली. आम्हाला राग आला. परंतु शिवून झालेला कुडता उसवून पुन्हा बेतायचा म्हटले तर शिंपी मजुरी घेणारच. माप आधी द्यायला हवे होते आणि ते आम्ही दिले नव्हते. आमचे सांगणे एवढेच आहे की ही अडचण दयेची नाही, बेताची आहे, आणि बेत करण्याची वेळ ऑर्डर देतानाच असते. सॉफ्टवेअर बनविणारा गिऱ्हाईक मागेल तेच बनवितो. येथे गिऱ्हाईक आपण आहोत.

हा विचार काही नवा नाही. अमेरिकेत रोनाल्ड मेस नावाचे एक वास्तुशास्त्रज्ञ होऊन गेले. लहानपणी पोलिओ झाल्याने ते चाकाच्या खुर्चीवर असत. इमारत किंवा वस्तू आधी धडधाकट माणसासाठी बनवायची आणि मग अपंगासाठी बाजूला एक वेगळा दरवाजा काढायचा, ही रीत त्यांना मान्य नव्हती. पहिल्यापासूनच सर्वांना वापरता येईल अशी रचना करावी, असे ते म्हणत. त्यालाच युनिव्हर्सल डिझाइन, म्हणजे सर्वांसाठीची रचना, असे नाव पडले. १९९७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची सात तत्त्वे प्रसिद्ध केली. आपल्या गल्ल्यावर ठेवलेला पैसे आल्याचे मोठ्याने सांगणारा डबा पाहा. गिऱ्हाइकांच्या गर्दीत मोबाईल पाहायला दुकानदाराला फुरसत नसते, म्हणून आपण तो ठेवतो. अंध दुकानदारालाही तोच डबा उपयोगी पडतो, आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही. एकाच्या सोयीने दुसऱ्याचे काही बिघडत नाही.

काही बांधव विचारतील की असे गिऱ्हाईक आहेत तरी किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार होत्या. पन्नास लाखांहून अधिक लोकांना दृष्टीचा आणि तितक्याच लोकांना श्रवणाचा दोष होता. परंतु आम्ही आकड्यांवर फार भर देऊ इच्छित नाही, कारण हा प्रश्न फक्त जनगणनेत नोंदलेल्यांचा नाही. आपापल्या मोहल्ल्यात पाहा. जरीकाम आणि भरतकाम करणाऱ्या कारागिराची नजर चाळिशीच्या आधीच थकते. यंत्रमागाच्या खडखडाटात तीस वर्षे काढलेल्या विणकराला कमी ऐकू येते. त्याच्याशी बोलताना आपण ओरडतो आणि त्याची सवयही होऊन जाते. मग त्याच विणकराला एखादी कंपनी सांगते की खात्याच्या खातरजमेसाठी आम्ही तुम्हाला फोन करू, तो घ्या आणि विचारू त्याची उत्तरे द्या. त्याने काय करावे? सूत, रंग आणि चुना यांत हात घालून ज्याच्या बोटांचे ठसे झिजले आहेत, त्याचा अंगठा मशीन ओळखत नाही. या बाबतीत आधार योजनेत बोटांबरोबरच डोळ्याची बाहुली, चेहरा आणि ओ.टी.पी. हे मार्ग ठेवले आहेत, ते योग्यच झाले. एक मार्ग बंद पडला तर दुसरा असावा, यापेक्षा वेगळे काही या सर्वांसाठीच्या रचनेत नाही.

हा दुसरा मार्ग नसला तर काय होते, ते प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात दिसले. ॲसिड हल्ल्यात त्यांचे डोळे व चेहरा जायबंदी झाले. २०२३ साली त्या बँकेत खाते उघडायला गेल्या, तेव्हा समोरचा माणूस जिवंत आहे याची खात्री म्हणून कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट आली. ज्या व्यक्तीला डोळे मिचकावताच येत नाहीत, तिने ही अट कशी पुरी करावी? बाई प्रत्यक्ष समोर बसल्या असताना मशीनला त्या जिवंत वाटत नव्हत्या! त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अमर जैन या अंध वकिलांचाही अर्ज त्याबरोबर चालला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या पीठाने निकाल दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. न्यायालयाने एकूण २० निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय द्यावा, अंगठ्याचा ठसा स्वीकारावा, सुगम्यतेची वेळोवेळी तपासणी करावी, अशा गोष्टी त्यांत आहेत. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनेही आपल्या के.वाय.सी. नियमांत दुरुस्ती करून अशा चाचणीमुळे विशेष गरजा असलेली व्यक्ती वगळली जाता कामा नये, असे घातले.

कायदा तर त्याआधीपासूनच आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले आणि ॲसिड हल्ल्याचे बळीही त्यांत आले. आपल्या वाचकांनी लक्षात घेण्याजोगी बाब अशी की या कायद्यातील खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनीबरोबर भागीदारी पेढी, सहकारी संस्था आणि कारखाना यांचाही उल्लेख आहे. सेवा सरकारी असो वा खाजगी, ती सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे देण्याचे बंधन त्यात सांगितले आहे. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक वेळी ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंड आहे. हे नियम नुसते शिफारशीसारखे ढिले ठेवणे कायद्याशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले आणि सक्तीचे नियम वेगळे काढण्यासाठी सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. दंडाच्या भीतीने कोणी काही करावे असे आम्ही म्हणत नाही. दहा हजार रुपये तर एका चुकीच्या लॉटमध्ये जातात. परंतु "हे फक्त सरकारी कचेऱ्यांना लागू आहे" या भ्रमात कोणी राहू नये.

परदेशी माल पाठविणाऱ्यांनी तर विशेष सावध असावे. अमेरिकेत टार्गेट या मोठ्या दुकानदार कंपनीवर तेथील अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने २००६ साली दावा लावला. चित्रांना वर्णन नाही आणि माउसशिवाय खरेदी पुरी होत नाही, ही तक्रार होती. २००८ साली कंपनीने ६० लाख डॉलर देऊन तडजोड केली. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून सुगम्यतेचा नवा कायदा लागू झाला असून ग्राहकाला इंटरनेटवरून माल विकणे त्यात येते. सेवा देणाऱ्या अगदी लहान व्यावसायिकांना, म्हणजे दहापेक्षा कमी माणसे आणि वर्षाची उलाढाल २० लाख युरोंपर्यंत असणाऱ्यांना, त्यातून सूट आहे. परंतु आपला माल तेथील ज्या मोठ्या दुकानांच्या संकेतस्थळावर लागतो, त्यांना ही सूट नाही. उद्या ते आपल्याकडे फोटोबरोबर वर्णनही मागतील, आणि ज्याच्याकडे ते तयार असेल त्याचा माल आधी लागेल.

आता आपल्या भाषांविषयी. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. नस्तालीक लिपी कॉम्प्युटरवर नीट बसत नसे, म्हणून उर्दू वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे इनपेजवर मजकूर जुळवून त्याचे चित्र संकेतस्थळावर टाकीत. पाहणाऱ्याला अक्षरे सुरेख दिसत, पण वाचून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरला ते कोरे कापड. मराठीचे दुखणे थोडे वेगळे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी पडद्यावर मराठी दिसते, परंतु आत साठविलेली अक्षरे इंग्रजी असतात, त्यामुळे फोन ती वाचू लागला की भलतेच काहीतरी बरळतो. अनेक परिपत्रके, दरपत्रके आणि सोसायट्यांचे अहवाल आजही त्याच फॉन्टमध्ये निघतात. आमच्या पेढीचे भावपत्रकही गेल्या वर्षापर्यंत असेच होते. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला की दोन्ही भाषांतील हे दुखणे मिटते. त्याला जादा खर्च नाही, टाइप करणाऱ्याची सवय तेवढी बदलावी लागते. छापखानेवाल्या बांधवांनी हे मनावर घेतले तर फार मोठे काम होईल.

बाजारात आणखी एक माल येऊ लागला आहे, त्यापासून जपावे. एक ओळ टाका आणि तुमचे संकेतस्थळ आपोआप सर्वांसाठी सुगम होईल, असे सांगून काही जण एक यंत्रणा विकतात. अमेरिकेत ॲक्सेसिबी नावाच्या कंपनीने असेच दावे केले होते. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ते दिशाभूल करणारे ठरविले आणि २०२५ साली कंपनीला १० लाख डॉलर भरावे लागले. फाटक्या ताक्यावर ठिगळ लावून तो नवा म्हणून विकण्याचाच हा प्रकार आहे. कापडात आपण अशी फसवणूक चटकन ओळखतो, सॉफ्टवेअरमध्ये ओळखत नाही.

मग ऑर्डर देताना करावे काय? सूत किती काउंटचे, पन्हा किती, ताका किती मीटरचा हे आपण जसे कागदावर लिहून घेतो, तसेच हेही लिहून घ्यावे. यासाठी जगभर डब्ल्यू.सी.ए.जी. नावाचे मापदंड आहेत. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाली. आपल्या भारतीय मानक ब्युरोचेही आय.एस. १७८०२ हे मानक आहे. करारात या दोहोंचे नाव घालावे आणि मापदंडाची डबल ए पातळी मागावी. त्या पातळीला अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्यातील उठावाचे प्रमाण साध्या मजकुरासाठी किमान साडेचारास एक असावे लागते. पांढऱ्यावर फिकी राखाडी अक्षरे आजकाल फार शोभिवंत समजली जातात, परंतु आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला चष्मा लावूनही ती दिसत नाहीत. हे सर्व डोक्यावरून जात असेल तर एक सोपी परीक्षा आहे. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी आपल्या फोनवर टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि आपल्याच दुकानातून एक ताका मागवून पाहा. आम्ही पाहिला. पहिल्या वेळी आम्हाला ॲपच्या बाहेरही पडता आले नाही, फोन मुलाकडे द्यावा लागला.

आमचे ॲप सुधारून आता वर्ष होत आले. तीनशे वर्णने आम्ही दोघा भावांनी बसून बोलून लिहविली. त्याला आठ संध्याकाळी लागल्या. त्या गृहस्थांची पहिली ऑर्डर आली ती बारा ताक्यांची. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, "सेठ, तुम्ही मोरपंखी लिहिलं होतं, सूनबाई म्हणते रामा आला आहे." चूक आमचीच होती. दोन वर्णने आपसांत बदलली गेली होती. माल बदलून दिला.

पैसे भरण्याचे पान मात्र आमच्या हातात नाही. ते पैसे गोळा करणाऱ्या एका कंपनीचे आहे, आणि तेथे पोहोचल्यावर त्यांचा फोन पुन्हा "बटन, बटन" म्हणू लागतो. तेवढ्यापुरता त्यांना शेजारच्या दुकानातील मुलाला बोलवावे लागते आणि आपला पिन त्याला सांगावा लागतो. आम्ही त्या कंपनीला दोनदा लिहिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. तोपर्यंत त्यांचा माल आम्ही उधारीवर सोडतो आणि महिनाअखेर आमचा माणूस जाऊन रोख घेऊन येतो.